साळवी की साळवे?

३ मार्च, सोमवार

आज आमच्या चर्चचे पाळकसाहेब घरी आले आणि मासिकाच्या एप्रिल अंकासाठी लेख मागितला. विषय : देवाची दया. उत्तम शुक्रवारचा, म्हणजे गुड फ्रायडेचा, अंक म्हणून मधली दोन पानं राखून ठेवली आहेत म्हणाले. रेव्हरंड समाधान गोर्डे माझ्या मुलाच्या वयाचे असतील. (मला मूल नाही. पण असतं तर एवढंच असतं, आणि त्याला ऱ्हस्व-दीर्घ कळलं असतं.)

मी म्हटलं, "हजार शब्दांत बसवतो."

ते हसले. "दया हजार शब्दांत बसेल का हो, काका?"

"व्याकरण नीट असेल तर काहीही बसतं," मी म्हणालो. हे वाक्य मला इतकं आवडलं की वाया जाऊ नये म्हणून ही जुनी वही काढली आणि लिहून ठेवलं. आता वही काढलीच आहे तर रोज चार ओळी लिहाव्यात.

चाळीस वर्षं वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होतो. निवृत्त झाल्यापासून अकरा वर्षं आमच्या मंडळीचं, म्हणजे चर्चच्या सभासदांचं, मासिक काढतो. सोळा पानं, साडेतीनशे प्रती. संपादक मी, बराचसा लेखकही मीच. वाचकही तुम्हीच, असं हिरा म्हणते. हिरा माझी बायको. निवृत्त नर्स आहे, त्यामुळे दुखेल तिथेच बोट ठेवते.

दयेची व्याख्या चहाच्या आधीच सुचली : शिक्षा मिळायला हवी असताना न मिळणं म्हणजे दया; लायकी नसताना देणगी मिळणं म्हणजे कृपा. लेख जवळजवळ झालाच म्हणायचा.

९ मार्च, रविवार

मी एक बाई मारली.

सकाळी उपासनेनंतर मार्चचा अंक वाटला. सातव्या पानावरच्या मृत्युलेखाचं तिघांनी कौतुक केलं. चौथ्याने केलं नाही, तर मीच विचारलं, "मृत्युलेख वाचलात का?" दुपारी जेवून आडवा झालो, तेवढ्यात फोन.

"अमोलिक का? मी प्रेमला साळवी बोलतेय, नाना पेठेतून."

"कोण प्रेमला साळवी?"

"पान सातवरची."

मी उठून बसलो. पलीकडून बाई शांतपणे म्हणाल्या, "मी कधी गेले ते तुम्ही लिहिलंय. कशाने गेले ते नाही लिहिलं. शेजारी विचारतायत, त्यांना काय सांगू?"

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. व्याकरणशुद्ध नव्हतं एवढं नक्की.

झालं ते असं. गेल्या महिन्यात एका मुलीने कार्यालयात चिठ्ठी दिली होती, की आमची आई प्रेमला साळवे, वय ८१, प्रभूमध्ये झोपी गेली. साळवे, घोरपडीच्या. पाळकसाहेब त्या आठवड्यात परगावी होते, मातीला दुसरेच कुणी पाळक उभे राहिले. मला साळवे नावाच्या कुणी बाई ठाऊकच नव्हत्या. ठाऊक होत्या त्या प्रेमला साळवी, पन्नास वर्षं रविवारच्या शाळेत शिकवलेल्या. गुडघ्यांमुळे दोन वर्षं त्या उपासनेला आल्या नव्हत्या, म्हणजे गेल्याच असणार. बुधवार पेठेतला वैजनाथ आमचा अंक संगणकावर जुळवतो. त्याने चिठ्ठी पाहून बरोबर 'साळवे' टाइप केलं होतं. मी प्रुफावर लाल शाईने मात्रा खोडली आणि वेलांटी दिली. वर मृत्युलेख जोडला आणि जुना फोटोही शोधून दिला.

वैजनाथने विचारलंही होतं, "साहेब, चिठ्ठीत साळवे आहे."

मी म्हटलं होतं, "चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांना शुद्धलेखन येत असतं तर माझी गरज काय होती?"

हेही वाक्य त्या वेळी मला आवडलं होतं.

१० मार्च, सोमवार

पाळकसाहेबांचा फोन. मी क्षमायाचनेची तीन वाक्यं तयार ठेवली होती. पण तेच म्हणाले, "टाइप करताना वैजनाथकडून घोळ झाला असणार, नाही का काका?"

मी खोकलो.

खोकल्याचा अर्थ 'हो' होत नाही. कुठल्याही शब्दकोशात नाही. पण ते म्हणाले, "हं, मला वाटलंच," आणि फोन ठेवला.

११ मार्च, मंगळवार

न मेलेल्या बाईच्या घरी जाताना काय न्यावं हे कळेना. हिराने केळी दिली.

प्रेमलाबाई पहिल्या मजल्यावर राहतात. खिडकीशी खुर्ची, मांडीवर आमचा अंक, हातात पेन्सिल. आयुष्यभर मी लोकांसमोर असाच बसलो असणार.

"बसा," त्या म्हणाल्या. "'बालगोपाळांत रमणाऱ्या' असं लिहिलंय तुम्ही. मी पोरांना बदडायची, अमोलिक. 'सदैव हसतमुख' कोण? आणि 'क्षमाशील' म्हणजे तर कमालच झाली. तुम्ही स्वतः होतात की दफनभूमीत."

होतो. सहा वर्षांपूर्वी त्यांचे यजमान वारले, तेव्हा एकुलता मुलगा अभय हिंजवडीत कंपनीत होता. कसलंसं काम अडलं होतं म्हणून निघायला उशीर झाला, पुढे रस्ता तुंबला. तो पोचला तेव्हा माती देऊन झाली होती. बाई सगळ्या मंडळीसमोर त्याला म्हणाल्या, "आता माझ्याच मातीला ये. तोवर तोंड दाखवू नकोस." एकाच शहरात राहून माय-लेक त्यानंतर भेटले नव्हते.

मी माझी तीन वाक्यं म्हणायला सुरुवात केली, तेवढ्यात बेल वाजली. बाईंना उठायला वेळ लागतो म्हणून दार मी उघडलं. पंचेचाळिशीचा माणूस, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, हातात पांढऱ्या फुलांचं मोठं चक्र. डोळे सुजलेले. त्याने मला शोकाला आलेला समजून हळूच विचारलं, "किती वाजता काढणार आहेत?"

"काय?" मी म्हटलं.

"आत्ता ग्रुपवर कुणीतरी पान टाकलं. तारीखही नीट वाचली नाही. बसने न येता गाडीच काढली. उशीर नाही ना झाला?"

आतून बाई म्हणाल्या, "कोण आहे हो?"

तो आवाज ऐकून त्या माणसाचं जे झालं ते मला लिहिता येत नाही. चाळीस वर्षं शब्दांत घालवली, पण येत नाही. चक्र दाराच्या चौकटीला घासत खाली गेलं आणि पाठोपाठ तोही उंबऱ्यावर बसला.

बाईंनी खुर्चीतूनच त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "बापाच्या वेळी उशिरा आलास. माझ्या वेळी लवकर. वेळ म्हणून तुला कधी साधली नाही."

तो रडत होता. "आई, तू म्हणाली होतीस मातीला ये."

"मी पुष्कळ काय काय म्हणते. सगळं ऐकायचं असतं का?" मग थोड्या वेळाने, "ती फुलं बादलीत ठेव, सुकतील. बूट बाहेर. आणि केळी खा. अमोलिकांनी माझ्या दुःखात आणलीत."

मी निघतो म्हटलं तर मला उठू दिलं नाही. चहा अभयने केला. साखर कुठे असते ते त्याला न विचारता सापडलं, तेव्हा बाईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

मी मात्र तिथून असमाधानी परतलो. मला क्षमा केल्याचं बाईंनी स्पष्ट असं काही म्हटलंच नाही. मी दोनदा विषय काढून पाहिला.

१३ मार्च, गुरुवार

संध्याकाळी मंडळीच्या कमिटीची सभा. ठराव असा, की जिवंत सभासदाला मृत दाखवण्याइतका निष्काळजीपणा होत असेल तर वैजनाथचं काम काढून कॅम्पातल्या कुणाला तरी द्यावं. अध्यक्षस्थानी पाळकसाहेब. ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "काका, तुम्हाला काही बोलायचंय?"

मी खोकलो. मग सही करताना पुन्हा खोकलो.

एका शिष्याने प्रभूला तीनदा नाकारलं, हे मी दरवर्षी उत्तम शुक्रवारी मान डोलावत ऐकतो. त्याने निदान तोंडाने नाकारलं होतं. माझ्यात तेवढीही हिंमत नाही.

घरी आलो तर हिराने अडुळशाचं सिरप काढून ठेवलेलं. म्हणाली, "सोमवारपासून खोकताय. एरवी एकदाही नाही, पाळकसाहेबांचा विषय निघाला की मात्र खोकता." आणि चमचा पुढे केला. घेतलं. कडू होतं.

१५ मार्च, शनिवार

आज बुधवार पेठेत वैजनाथकडे गेलो. या वहीत तरी खरं लिहावं म्हणून लिहितो : माफी मागायला गेलो नव्हतो. माझ्या लाल शाईचं प्रूफ त्याच्याकडे आहे, ते कुणाच्या हाती लागायच्या आत ताब्यात घ्यायला गेलो होतो. 'मागचं एक प्रूफ संदर्भासाठी हवं होतं' असं वाक्य जिन्यावर घोळून ठेवलं होतं.

त्याचं दुकान इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानाच्या वर, एक खोली. लग्नपत्रिका लावत बसला होता. मला पाहून खुर्ची पुसून दिली. मी वाक्य सुरू करायच्या आत त्याने खण उघडला, घडी केलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला.

"हे तुमचं प्रूफ, साहेब. घेऊन जा. इथं कोण कोण येतं, कुणाच्या नजरेला पडायला नको."

लाल वेलांटी केवढी ठसठशीत काढली होती मी!

"तुला कळलं का, काम काढलंय ते?" मी विचारलं.

"पाळकसाहेबांचा फोन आला होता. मी म्हटलं, हो, माझ्याकडूनच झालं."

"का पण?"

तो पिरंगुटकडचा. अवघडला की त्याची भाषा गावाकडे वळते. पत्रिकेतला गणपती उगीच इकडचा तिकडे सरकवत म्हणाला, "माझ्याकडं दुसरी कामं हायेत, साहेब. पत्रिका हायेत, बोर्ड हायेत. तुमचं हे एकच हाय."

माझी कीव! ज्याने एकदा 'प्रभू' ऱ्हस्व लिहिला म्हणून ते पान मी मंडळीच्या फलकावर लाल वर्तुळ काढून पंधरा दिवस लावून ठेवलं होतं, त्याने माझी कीव करावी! संतापाने आभार न मानताच जिना उतरलो.

खाली दगडूशेठच्या गर्दीतून वाट काढत चौकापर्यंत आलो. कचऱ्याचा डबा होता. प्रूफ फाडायला काढलं आणि परत खिशात ठेवलं. का, ते कळलं नाही. पुरावा जपून ठेवायची जुनी सवय, दुसरं काय.

१७ मार्च, सोमवार

लेख सरकला! आज सलग दीड पान. त्यातला गाभा असा : "निर्दोषाने दोषी माणसाचा अपराध आपल्या माथी घ्यावा, आणि दोष्याने तो मागितलाही नसावा, हे दयेचं परमरूप मानवी बुद्धीला अगम्य आहे. आजच्या स्वार्थी जगात त्याचं एकही उदाहरण आढळत नाही."

हिराला मोठ्याने वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती.

"'एकही' वर जोर द्यायचाय का?" तिने विचारलं.

"का?"

"सहज. वैजनाथ काय म्हणाला शनिवारी?"

मी खोकायला तोंड उघडलं.

"सिरप संपलंय," हिरा म्हणाली.

मग तिला सगळं सांगितलं. प्रूफ दाखवलं. तिने ते लांब धरून पाहिलं, मेथीची जुडी संपवली. उठताना एवढंच म्हणाली, "ते वाक्य खोडू नका. नुसतं पुन्हा वाचा."

वाचलं. पाच वेळा वाचलं. व्याकरणाची एकही चूक नाही.

२३ मार्च, रविवार

पाच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं मी काही केलं नव्हतं.

आज केलं. उपासनेच्या शेवटी सूचना झाल्यावर उभा राहिलो. एका खिशात प्रूफ, दुसऱ्यात राजीनामा. राजीनामा फार सुंदर उतरला होता. लोकांचे डोळे पाणावतील अशी माझी कल्पना होती. म्हटलं, "मार्चच्या अंकातली चूक वैजनाथची नाही. त्याने बरोबर टाइप केलं होतं. मी खोडून चुकीचं केलं, आणि दोन आठवडे गप्प बसलो. हा पुरावा."

कुणाचेही डोळे पाणावले नाहीत. मागून कुणीतरी म्हणालं, "बरं झालं, खोकला थांबला."

पाळकसाहेबांनी प्रूफ पाहिलंही नाही. "मला माहीत होतं, काका. वैजनाथला खोटं बोलता येत नाही. फोनवर म्हणाला, 'चूक माझीच, अमोलिकसाहेबांना काही विचारू नका.' असं कोण बोलतं?"

"मग माझ्याशी बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो होतो."

"आणि त्याचं काम?"

"कॅम्पात मी फोनच केलेला नाही."

मग मी राजीनामा काढला. त्यांनी तो वाचला, घडी करून परत दिला आणि म्हणाले, "मग एप्रिलचा अंक कोण काढणार?"

दयेमागचं कारण इतकं व्यावहारिक असेल असं माझ्या लेखात कुठेही आलेलं नाही. खरं सांगायचं तर वाईट वाटलं. शिक्षेसाठी मनाची केवढी तयारी करून गेलो होतो, आणि ती कुणी देईना. दया घेणाऱ्याचा असा अपमान होतो हे मला ठाऊक नव्हतं. संध्याकाळी वैजनाथला फोन करून क्षमा मागितली. तो म्हणाला, "बरं बरं. साहेब, एप्रिलचा मजकूर कधी पाठवताय?" तोही तसलाच.

पण मुख्य गोष्ट अंगणात घडली. अभयने आईला आणलं होतं, प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून, चौघांनी पायऱ्या चढवून. लोक भोवती जमले, हात हातात घेत होते. तीन बायका तर 'मेलेली' म्हणून अगोदर रडल्या होत्या, त्या आता नव्याने रडल्या. प्रेमलाबाईंनी मला जवळ बोलावलं.

"माझं झालं," त्या म्हणाल्या. "मुलगा घरी आला, फुकटात मृत्युलेख वाचायला मिळाला. पण अमोलिक, ती गेलेली बाई कोण?"

"साळवे," मी म्हटलं.

"नाव नका सांगू. ती कोण होती?"

मी पाळकसाहेबांकडे पाहिलं, त्यांनी जमिनीकडे. दोन आठवडे मी, माझी चूक, माझी अब्रू, माझा खोकला, माझा राजीनामा. आणि जी बाई खरोखर गेली होती, तिची साधी एक ओळ कुणी छापली नव्हती. ती राहिली हेसुद्धा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

२४ मार्च, सोमवार

दयेवरचा लेख पाळकसाहेबांना 'होणार नाही' म्हणून कळवलं. दोन पानं साळवेबाईंसाठी मागून घेतली. लगेच हो म्हणाले. स्वतःही तिथे अजून गेलो नाही म्हणाले, आणि हे सांगताना खोकले.

२९ मार्च, शनिवार

आज घोरपडीला गेलो. उद्या पाडवा, रस्त्याला दुकानांत साखरेच्या गाठी टांगलेल्या. साळवेबाईंची मुलगी शर्मिला, चाळिशीची, एका शाळेच्या कार्यालयात नोकरीला. रेल्वेलाइनपलीकडे दोन खोल्या. मी मंडळीतून आलो म्हटल्यावर तिने पटकन पलंगावरची चादर सारखी केली.

आत गेलो आणि समोरच्या भिंतीवर पाहिलं. पान सात. कापून, चौकटीत घालून, वर हार. फोटोच्या जागी प्रेमला साळवींच्या फोटोवर तिने आपल्या आईचा छोटा फोटो चिकटवला होता. आडनावातली वेलांटी पांढऱ्या शाईने झाकून बारीक मात्रा काढली होती.

"नाव आणि फोटो चुकलाय," ती म्हणाली, "पण लिहिलंय छान. आई रविवारच्या शाळेत शिकवायची हे आम्हाला माहीतच नव्हतं. बोलली नाही कधी."

मी आयुष्यात पहिल्यांदा एखादी चूक तशीच राहू द्यावी असं मनाशी म्हणत होतो. दारातून परत फिरलो असतो तर कुणाचं काही बिघडलं नसतं. घसा खवखवला. पण मी खोकलो नाही.

"बाई," मी म्हटलं, "ते तुमच्या आईबद्दल नाही. मी दुसऱ्या कुणाला समजून लिहिलं. चूक छपाईची नाही, माझी आहे."

ती भिंतीकडे वळली.

"मला वाटलंच होतं," ती हळूच म्हणाली. "आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला होती. ती कुणाला शिकवणार? पण इतकं चांगलं लिहिलं होतं... म्हटलं, असेलही." मग माझ्याकडे वळली. "म्हणजे आईबद्दल कुणीच काही लिहिलेलं नाही?"

"नाही."

"बसा मग."

मी बसलो, वही उघडली. ती सांगत गेली. आई तापट होती. साठ मुलींच्या पोळ्या एकटी लाटायची. मसाल्याला कुणी हात लावलेला चालत नसे. दर रविवारी बस बदलून उपासनेला यायची, शेवटच्या बाकावर बसायची. सगळी गीतं तोंडपाठ, तरी सगळ्यांसारखं पुस्तक हातात हवं म्हणून घ्यायची.

"एकदा ते उलटं धरलं होतं," शर्मिला म्हणाली. "कुणी एक गृहस्थ मागे आले आणि सगळ्यांसमोर सुलटं करून देऊन गेले. आई त्यानंतर वर्षभर गेली नाही. मग आपली आपणच पुन्हा जायला लागली. मी म्हटलं, कशाला जातेस? तर म्हणे, देव त्या माणसाच्या घरी थोडाच राहतो."

माझं पेन थांबलं. गृहस्थ कोण, हे मी विचारलं नाही. ते पुस्तक मला आठवत होतं, ते धरलेली ओलसर बोटंही आठवत होती. चेहरा तेवढा आठवत नव्हता, कारण तो मी पाहिलाच नव्हता.

"तो मी होतो," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. बाहेरून गाडी गेली, खिडकीचं तावदान थरथरलं.

"मग तेही लिहा," ती म्हणाली, आणि पुढचं सांगायला लागली.